परसातील कोंबड्यांसाठी खाद्य आणि पूरक पोषण कसे निवडावे

परसात पाच-दहा कोंबड्या पाळणारा माणूस दुकानात गेला की कोणत्या कंपनीचे पोते घ्यावे, हे आधी विचारतो. वास्तविक त्याने आधी पाहायला हवे ते पक्ष्यांचे वय आणि ते अंडी देत आहेत की नाहीत, हे. आठ दिवसांचे पिल्लू आणि अंड्यावर आलेली कोंबडी यांच्या गरजा इतक्या वेगळ्या असतात की कोंबडीसाठी योग्य असलेले खाद्य पिल्लाचे मूत्रपिंड बिघडवू शकते.

पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत पिल्लांना स्टार्टर खाद्य द्यावे. अंड्यांच्या जातींसाठी त्यात 18 ते 20 टक्के प्रथिने असतात, तर मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जलद वाढीच्या पक्ष्यांना सुरुवातीला 20 ते 23 टक्के लागतात. त्यानंतर साधारण अठराव्या आठवड्यापर्यंत 15 ते 16 टक्के प्रथिनांचे ग्रोअर (वाढीच्या वयाचे) खाद्य आणि पुढे लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे, खाद्य असा क्रम आहे. लेअर खाद्यात प्रथिने 16 ते 18 टक्के असतात, पण त्याचे खरे वेगळेपण कॅल्शियममध्ये आहे. वाढत्या पक्ष्याच्या खाद्यात ते सुमारे 1 टक्का असते, तर लेअरमध्ये 3.5 ते 4 टक्के. हे जादा कॅल्शियम अंडी न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर ताण आणते आणि कोवळ्या पिल्लांत त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यूही येतो. म्हणून तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, लेअर खाद्य लवकर सुरू करण्याची घाई करू नये. तुरा लाल होऊन पहिले अंडे दिसेपर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही. नवे खाद्य सुरू करताना जुन्यात मिसळून त्याचे प्रमाण आठवडाभरात वाढवत न्यावे.

एकाच खुराड्यात कोंबडे, तलंगा आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकत्र असतील, तर माझ्या मते सर्वांना 16 ते 18 टक्के प्रथिनांचे, कमी कॅल्शियमचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. ज्या कोंबडीला गरज असते ती त्या भांड्याकडे वळते. इतर पक्षी त्यातले फारसे खात नाहीत.

पोत्यावरील चिठ्ठी वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. ते पूर्ण खाद्य आहे की धान्यात मिसळण्यासाठीचे कॉन्सन्ट्रेट आहे, ही पहिली. कॉन्सन्ट्रेट तसेच खायला घातले तर प्रथिने आणि क्षार गरजेच्या कितीतरी पट पोटात जातात. दुसरी गोष्ट उत्पादनाची तारीख. दळलेल्या खाद्यातील जीवनसत्त्वे आणि स्निग्ध पदार्थ काळानुसार खराब होत असल्याने शक्यतो दोन-तीन महिन्यांत संपेल इतकेच घ्यावे. एक कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते, म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला 30 ते 36 किलो लागते. तिसरी गोष्ट औषधाची. काही स्टार्टर खाद्यांत रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिओसिसला, आळा घालण्यासाठी अ‍ॅम्प्रोलियम असते. पिल्लांना या रोगाची लस दिलेली असेल तर असे खाद्य टाळावे, कारण औषध त्या लशीवर पाणी फिरवते. काही खाद्यांत मोनेन्सिनसारखे औषध असते आणि ते घोड्यांना अत्यंत विषारी असते, हे घोडा बाळगणाऱ्याने विसरू नये.

खाद्य भरड (जाडसर दळलेले), क्रम्बल (पेलेट फोडून केलेला चुरा) की पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) असावे, याला मी फार महत्त्व देत नाही. भरडीतून पक्षी आवडते कण वेचून खातात व बारीक भुकटी, म्हणजे नेमका जीवनसत्त्वांचा भाग, तळाशी राहतो. पेलेटमध्ये तसे होत नाही आणि सांडणेही कमी होते. पिल्लांना मात्र बारीक क्रम्बल किंवा भरडच द्यावी.

कॅल्शियमविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कवच घडण्याची प्रक्रिया जवळजवळ वीस तास चालते आणि तिचा मोठा भाग रात्री, म्हणजे कोंबडी काही खात नसताना, पार पडतो. अशा वेळी पोटात कॅल्शियमचा साठा नसेल तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. बारीक चुनखडीची पूड लवकर विरघळून जाते, पण शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या स्नायुमय जठरात, रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू कॅल्शियम पुरवतात. म्हणून हे तुकडे वेगळ्या भांड्यात, विशेषतः दुपारनंतर, उपलब्ध असावेत. अंड्यांची कवचे वापरायची असतील तर ती भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून द्यावीत. कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यासाठी डी3 जीवनसत्त्व लागते. पक्ष्यांना डी2चा उपयोग फारच कमी होतो, तेव्हा पूरक औषधाच्या बाटलीवर डी3 असे स्पष्ट लिहिलेले असावे.

शिंपले आणि खडे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोंबडीला दात नसल्यामुळे ती गिळलेले न विरघळणारे खडे पेषणीत साठवून त्यांच्या आधारे अन्न दळते. केवळ पेलेट किंवा भरड खाणाऱ्या पक्ष्याला त्यांची गरज जवळजवळ नसते. अख्खे धान्य, गवत किंवा पाला खाणाऱ्या आणि मोकळ्या जमिनीवर न फिरणाऱ्या पक्ष्याला मात्र ग्रॅनाइटची बारीक खडी द्यावी लागते.

घरगुती पालनात कुपोषणाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चांगल्या खाद्यात प्रेमापोटी केलेली भेसळ. समजा, कोंबडी 17 टक्के प्रथिने आणि 3.8 टक्के कॅल्शियम असलेले खाद्य रोज 110 ग्रॅम खाते. तिला सुमारे 18.7 ग्रॅम प्रथिने आणि 4.2 ग्रॅम कॅल्शियम मिळते. त्यांपैकी 40 ग्रॅमच्या जागी 9 टक्के प्रथिनांचा मका दिला, तर प्रथिने 15.5 ग्रॅमवर आणि कॅल्शियम 2.7 ग्रॅमच्याही खाली येते. मक्यात ऊर्जा भरपूर असल्यामुळे तिची भूक भागलेली असते, त्यामुळे ती उणीव भरून काढण्यासाठी अधिक खात नाही. उलट चरबी वाढून यकृत बिघडण्याचा धोका असतो. म्हणून धान्य, पाला, किडे, घरातील उरलेसुरले असे सगळे मिळून आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, आणि तेही पक्ष्यांनी मुख्य खाद्य खाल्ल्यावर, दुपारनंतर द्यावे. अव्होकाडो, चॉकलेट, हिरवट झालेले बटाटे, न शिजवलेली कोरडी कडधान्ये आणि खारट पदार्थ पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

सगळे खाद्य घरीच बनवण्याचा विचार असेल, तर धान्य आणि पेंड एकत्र करणे एवढ्यावर ते भागत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, म्हणून ते नीट भाजलेले असावे किंवा सोयाबीनची पेंड वापरावी. सरकीच्या पेंडेतील गॉसिपॉलमुळे पिवळा बलक हिरवट होतो. मका आणि सोयाबीन यांच्या मिश्रणात सर्वांत आधी मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते, आणि पिसांची वाढ त्यावर बरीच अवलंबून असते. मीठ 0.3 ते 0.4 टक्क्याच्या आसपासच हवे. जीवनसत्त्वे व सूक्ष्म खनिजांचे तयार मिश्रण किलोमागे काही ग्रॅमच लागते, तेव्हा ते आधी थोड्या पिठात आणि मग सगळ्या ढिगात कालवावे. नाहीतर एका कोंबडीला सगळे आणि दुसरीला काहीच नाही, असा प्रकार होतो.

आता पूरक पदार्थांकडे वळू. पूर्ण खाद्य ताजे असेल आणि पक्षी ते पोटभर खात असतील, तर नेहमी द्यावे असे पूरक फक्त शिंपले, आणि गरज असेल तिथे खडे. बाकी प्रत्येक गोष्टीसाठी कारण सांगता आले पाहिजे. पिसे गळण्याच्या काळात, नवी पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनलेली असल्याने, काही आठवडे 18 ते 20 टक्के प्रथिनांचे खाद्य द्यावे. तीव्र उन्हाळ्यात किंवा लांबच्या प्रवासानंतर दोन-तीन दिवस पाण्यातून इलेक्ट्रोलाइट (शरीरातील क्षार भरून काढणारे मिश्रण) द्यावेत, पण शेजारी साध्या पाण्याचे भांडेही असावे. पिल्लांची बोटे आत वळून चालता येत नसेल तर रायबोफ्लेविनच्या, म्हणजे बी2 जीवनसत्त्वाच्या, कमतरतेचा संशय घ्यावा आणि त्वरित उपचार करावेत. मात्र अ‍ॅम्प्रोलियम हे बी1 जीवनसत्त्वाच्या विरोधातच काम करते, त्यामुळे ते सुरू असताना बी1 असलेले टॉनिक देऊ नये. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळणारी असल्यामुळे त्यांचा अतिरेक शरीरात साठत जातो, म्हणून टॉनिकची मात्रा अंदाजाने वाढवू नये. पाण्यात व्हिनेगर घालायचेच असेल तर जस्ताचा मुलामा असलेले भांडे वापरू नये. पिवळ्या बलकाचा गडद रंग पाला, पिवळा मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांतील रंगद्रव्यांमुळे येतो. त्यावरून अंड्याचे पोषणमूल्य ठरवण्यात अर्थ नाही.

पातळ कवच दिसले की लगेच कॅल्शियमची बाटली आणू नये. उष्म्यात धापा टाकणाऱ्या, वय झालेल्या किंवा श्वसनसंस्थेचा विषाणूजन्य रोग होऊन गेलेल्या कोंबडीचेही कवच पातळ येते. अंडी कमी झाली तर दिवस लहान झाला आहे का, तेही पाहावे. चांगल्या उत्पादनासाठी सुमारे चौदा तास प्रकाश लागतो. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाणी आटलेले असले तर खाणेही मंदावते.

खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उचलून, कोरड्या जागी ठेवावे. धान्यातील ओल 13 टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि मका व शेंगदाणा पेंडेवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतनाशक विष तयार करते. ते सामान्य उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून कुबट वास येणारे, गोळे झालेले खाद्य उन्हात वाळवून किंवा भाजून पुन्हा वापरू नये, आणि दुसऱ्या जनावरांपुढेही टाकू नये.