जुन्या जीप पिकअपचा मागचा एक्सल बदलताना या चुका टाळा

मागचा एक्सल बदलायचा म्हणजे यू-बोल्ट (एक्सलला पाट्यांशी, म्हणजे लीफ स्प्रिंगशी जखडणारे इंग्रजी U आकाराचे बोल्ट) सोडायचे, जुना खाली घ्यायचा आणि भंगारातून आणलेला वर चढवायचा, एवढाच विचार करून कामाला लागणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. विलीसने 1953 मध्ये आणलेली आणि पुढे महिंद्राने आपल्याकडे बनवलेली सीजे 3बी जीप, किंवा तिच्या चासीवर बांधलेली पिकअप, हाती असेल तर ही घाई फार महागात पडते, कारण बाहेरून हुबेहूब दिसणारे हाऊसिंग, म्हणजे एक्सलचे बाहेरचे लोखंडी कवच, आतून निराळे असू शकते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे क्राऊन-पिनियनचे (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या-लहान गिअरच्या जोडीचे) दात न मोजता एक्सल विकत घेणे. सीजे 3बीच्या क्राऊनला 43 आणि पिनियनला 8 दात, म्हणजे 5.38 चे प्रमाण असते. पण तशाच हाऊसिंगमध्ये 39 आणि 8 दातांची, 4.88 ची जोडीही मिळते. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने स्वतःच एक्सल बदललेली पिकअप माझ्याकडे ओढून आणली होती. डांबरी रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षा वेगाने पळते म्हणून तो खूश होता. पावसाळ्यात शेतातल्या चिखलातून निघताना त्याने फोर-व्हील टाकले, तसाच रस्त्यावर आला आणि मग लिव्हर काही केल्या बाहेर येईना. पुढे 5.38 आणि मागे 4.88 असल्याने पुढची चाके दहा फेरे घेत असताना मागची अकरा फेरे मागत होती. चिखलात तो फरक घसरून निघून गेला, पण कोरड्या रस्त्यावर सगळा ताण ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, साठत गेला. मी पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला आणि टायर जमिनीपासून सुटताच ते चाक हिसका देऊन उलटे फिरले, तेव्हा कुठे लिव्हर मोकळी झाली. आत एका गिअरचे दात उडालेले होते.

हे टाळायला हाऊसिंग उघडावे लागत नाही. गिअर न्यूट्रल ठेवून आणि हँडब्रेक सोडून मागचे एकच चाक उचलावे, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून उटी लावाव्यात आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे (दुसरे चाक स्थिर असल्याने एकाऐवजी दोन) फिरवून प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे एक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याचे, फेरे मोजावेत. पाच फेरे होऊन वर एक तृतीयांशाहून थोडे अधिक फिरले तर 5.38, आणि पाचाला किंचित कमी पडले तर 4.88. विकत घ्यायचा एक्सल सुटा असेल तर एक बाजू धरून ठेवावी आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून हीच मोजणी करावी. विक्रेता कितीही ओळखीचा असो, मी ही मोजणी केल्याशिवाय पैसे देत नाही.

दुसरी चूक हबची. या एक्सलच्या शाफ्टचे टोक निमुळते असते आणि त्यावर हब चावीसह घट्ट बसलेला असतो. तो पुलरनेच निघतो. पुलर आणायला जायचा कंटाळा म्हणून शाफ्टच्या टोकावर घण घालणाऱ्या पोरांना मी आता थेट थांबवतो, कारण त्या घावाने आटे बसतात आणि बेअरिंगलाही मार लागतो. पुलर लावताना नट पूर्ण काढू नये, दोन-तीन आटे सैल करून टोकावरच राहू द्यावा. हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. परत बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ पुसावा, त्याला ग्रीस लावू नये. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल न करता पुढेच आवळावा.

शाफ्टचा आतबाहेरचा खेळ 0.001 ते 0.006 इंच असावा लागतो आणि तो शिमने, म्हणजे मध्ये घालायच्या पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, ठरतो. हाताने हलवून अंदाज सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, डायल गेज लावा. ज्या बाजूची शिम निघाली ती त्याच बाजूच्या डबीत ठेवण्याची माझी जुनी सवय आहे.

ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पाट्यांचा सेंटर बोल्ट हाऊसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसल्याची खात्री बोटाने करावी. एक्सल खाली येणार असल्याने घोड्या (टेकूचे स्टँड) चासीखालीच लावाव्यात, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नये. ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारे छोटे छिद्र) बुजलेला असेल तर तापलेले तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये येते, म्हणून तो आधी फुंकून पाहावा. एक्सल चढवताना ब्रेकचा रबरी पाइप पिळला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, आणि काम झाल्यावर ब्रेकमधली हवा काढावी. तेल भरल्याशिवाय एक चक्करही मारू नये.

गाडी चाकांवर उभी राहिल्यावर यू-बोल्टचे नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळावेत. पहिली फेरी दहा-पंधरा किलोमीटरचीच ठेवावी आणि शेवटचा थोडा रस्ता ब्रेक न दाबता गाडी थांबू द्यावी. मग दोन्ही हबच्या जवळ आधी तळहात नेऊन पाहावे. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर ब्रेक घासतो आहे की शिम कमी पडली आहे हे त्याच दिवशी पाहावे, आणि तसे काही असो वा नसो, पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.