दुसरे ग्राफिक्स कार्ड बसवताना या चुका टाळा

दुसरे कार्ड नेमके कोणत्या कामासाठी हवे, हे आधी ठरवावे. केवळ गेमचा वेग वाढावा म्हणून हा खटाटोप करणाऱ्याने तो आजच सोडून द्यावा. आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांच्या मालिकांसाठी एसएलआयचे (एकच गेम दोन कार्डांवर चालवण्याच्या पद्धतीचे) नवे प्रोफाइल, म्हणजे त्या-त्या गेमसाठीची ड्रायव्हरमधील मांडणी, देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवले, आणि आरटीएक्स ४० मालिकेच्या कार्डांवर तर दोन कार्डे थेट जोडणाऱ्या एनव्हीलिंकची जोडणीच नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्स इंजिनाचे रेंडरिंग (सीनचे अंतिम चित्र तयार करणे) मात्र दोन्ही कार्डांवर वाटून चालते. तिथेही सर्वसाधारणपणे प्रत्येक कार्डाला सीनची स्वतःची प्रत ठेवावी लागते. म्हणून १२ जीबी मेमरीची दोन कार्डे मिळून २४ जीबी होत नाहीत.

सर्वांत महाग पडते ती केबलची चूक. एका मित्राच्या संगणकात दुसरे कार्ड बसवताना मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) पॉवर सप्लायची एक केबल सापडेना, तेव्हा त्याने दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पॉवर सप्लायची केबल काढून लावली. ती दोन्ही टोकांना चपखल बसली, आणि शेजारी उभा असूनही मी तिच्याकडे निरखून पाहिले नाही. बटण दाबताच पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. तिथेच थांबायला हवे होते; पण त्याने घाईने पुन्हा बटण दाबले आणि जळका वास आला. कार्डाच्या सॉकेटजवळचा एक बारीक भाग काळा पडला होता. ते कार्ड पुन्हा सुरू झाले नाही. कार्डाकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित असते, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची रचना प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने ठरवतो. त्यामुळे १२ व्होल्ट भलत्याच पिनवर जाऊ शकतात. पॉवर सप्लाय खोक्यातून काढतो त्याच दिवशी मी प्रत्येक केबलला त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतो.

विजेचा हिशेबही कागदावर मांडावा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॉट, ही प्रमाणित मर्यादा आहे. एकाच केबलला फाटे फोडून दोन्ही कार्डे चालवण्याचा जुगाड मला अजिबात मान्य नाही. रेंडर सुरू होताच संगणक बंद पडत असेल, तर विंडोज पुन्हा टाकण्याआधी पॉवर सप्लाय तपासावा.

स्लॉट लांब दिसतो म्हणून त्याला १६ लेन (माहिती वाहून नेणारे मार्ग) मिळतातच असे नाही. सामान्य मदरबोर्डवर दुसऱ्या लांब स्लॉटला अनेकदा चारच लेन मिळतात, त्याही थेट प्रोसेसरकडून नव्हे, तर मदरबोर्डच्या चिपसेटमार्गे, आणि काही बोर्डांवर एम.२ एसएसडी लावताच तो स्लॉट बंद होतो. मॅन्युअलमधील स्लॉटचा तक्ता खरेदीआधी वाचावा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये जोडणी पाहताना कार्डावर ताण द्यावा, कारण कार्ड रिकामे असताना जोडणीचा वेग आपोआप उतरतो. रेंडरिंगला चार लेन बहुधा पुरतात. कार्डांमध्ये सतत माहिती फिरवणाऱ्या कामाला त्या अपुऱ्या पडतात.

दोन कार्डे एकमेकांना चिकटवून बसवू नयेत. वरच्या कार्डाच्या पंख्यांना हवा मिळत नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लावावी. दुसरे कार्ड दिसतच नसेल, तर बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ हा पर्याय सुरू आहे का ते पाहावे. त्यानेही दिसले नाही, तर पहिले कार्ड काढून दुसरे एकटेच पहिल्या स्लॉटमध्ये चालवून पाहावे. तिथे ते नीट चालले, तर कार्ड परत करण्याची घाई न करता दुसऱ्या स्लॉटचा आणि त्या कार्डाला लावलेल्या केबलचा शोध घ्यावा.