चिऱ्याचं घर, जाणारी लाइट आणि मॅटर-थ्रेडची जोडणी

आमचं घर मालवणपासून जरा आत, चिऱ्याचं, वर कौलं, पुढे पडवी आणि खळं, मागे विहीर आणि मांगर (सामान ठेवायची वेगळी खोली). गेल्या मे महिन्यात मी तिथे स्मार्ट दिवे, चार-पाच प्लग आणि दोन सेन्सर लावायला घेतले, तर आईने खोका उघडायच्या आधीच विचारलं, "लाइट गेली तर ह्यां चालतलां काय रे?" खरं सांगतो, एवढा कामाचा प्रश्न मला एकाही गाइडमध्ये दिसला नव्हता, ते सगळे फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेले असतात. म्हणून हे आपल्याकडच्या घरांसाठी.

आधी थोडक्यात मॅटर म्हणजे काय. पूर्वी या कंपनीचा दिवा त्या कंपनीच्या ॲपला ओळखायचा नाही, एका घरात पाच ॲप आणि पाच पासवर्ड. २०१९ च्या डिसेंबरात ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स (झिगबी नावाच्या जुन्या स्मार्ट-होम रेडिओमागची संघटना) यांनी मिळून एकच स्टँडर्ड बनवायचं ठरवलं, २०२१ मध्ये त्याचं नाव मॅटर ठेवलं (अलायन्सने स्वतःचं नावही तेव्हाच बदललं) आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली. मॅटर ही फक्त बोलायची भाषा आहे. ती वायफायवरून जाते, केबलवरून जाते, नाहीतर थ्रेड नावाच्या रेडिओवरून जाते, आणि लोकांचा घोटाळा इथेच होतो, थ्रेड आणि मॅटर एकच समजतात. तसं नाही.

थ्रेड कसं चालतं ते कौलं परतताना माणसं कशी उभी राहतात त्यावरून समजून घ्या. खालून वरपर्यंत रांग, प्रत्येकाने शेजारच्याच्या हातात कौल द्यायचं. थ्रेडमध्ये जे डिव्हाइस कायम लाइटवर असतं, म्हणजे प्लग, दिवा, बोर्डातलं मॉड्यूल, ते बहुतेक वेळा रांगेत उभं राहून निरोप पुढे देतं. सेलवर चालणारा सेन्सर फक्त आपलं कौल घेतो-देतो आणि झोपतो, मधे उभा राहत नाही. आणि रांगेच्या शेवटी घरच्या वायफायशी गाठ घालून देणारा एक लागतो, त्याला बॉर्डर राउटर म्हणतात. वेग फार नाही, सेकंदाला २५० किलोबिट, पण दिवा लावायला तेवढं पुष्कळ आणि सेल टिकतो.

आता खरेदी. खोक्यावर मॅटरचा लोगो बघा, तीन बाण मधे तोंड करून आलेले. नुसतं थ्रेड किंवा झिगबी लिहिलेलं असेल तर ते मॅटर असेलच असं नाही. आणि ते वायफायवालं मॅटर आहे की थ्रेडवालं हे खोक्यावरच वाचून घ्या, दुकानदाराला विचारू नका, त्यालाही माहीत नसतं. मग घरात कायम चालू असणारा, सगळी डिव्हाइस सांभाळणारा एक कंट्रोलर लागतो, बहुतेक वेळा स्मार्ट स्पीकर, आणि इथे मी पैसे घालवलेत म्हणून नीट वाचा: साधा एको डॉट किंवा नेस्ट मिनी मॅटर चालवतात पण त्यांच्यात थ्रेडचा रेडिओ नाही, थ्रेडवालं काही घेतलंत तर ते जोडलंच जाणार नाही. होमपॉड मिनी, नेस्ट हबची दुसरी पिढी, चौथ्या पिढीचा गोल मोठा एको, यांच्यात बॉर्डर राउटर आहे. घरात आधीपासून फिलिप्स ह्यूचे झिगबी दिवे असतील तर फेकू नका, त्यांच्या ब्रिजला (ते दिवे राउटरला जोडणाऱ्या डबीला) मॅटरचा अपडेट २०२३ मध्येच मिळालाय, ब्रिज जोडला की मागचे दिवे आपोआप येतात. कॅमेऱ्याच्या मागे मात्र आत्ता लागू नका, ते स्टँडर्डमध्ये आलेच २०२५ च्या शेवटी.

सामान आलं की लगेच जोडायला बसू नका, आधी राउटर बघा. वायफायवाली बहुतेक मॅटर डिव्हाइस २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तो बँड चालू पाहिजे. राउटरमधलं आयपीव्ही६ (डिव्हाइसना नेटवर्कवर पत्ते द्यायची नवी पद्धत) बंद केलेलं असेल तर चालू करा, कारण मॅटरचा सगळा कारभार त्यावर आहे (नेट कंपनीने आयपीव्ही६ नाही दिलं तरी चालतं, घरातल्या घरातले पत्ते डिव्हाइस स्वतःच बनवतात). गेस्ट नेटवर्कवर काही जोडू नका, आणि एपी आयसोलेशन नावाचं बटण (डिव्हाइसना एकमेकांशी बोलू न देणारं) असेल तर ते बंद. अजून एक, फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचं एक वायफाय आणि तुम्ही वर आणून लावलेल्या राउटरचं दुसरं, अशी दोन नेटवर्कं आमच्याकडे होती, फोन एकावर आणि दिवा दुसऱ्यावर, दोन संध्याकाळी मी नुसता क्यूआर कोड स्कॅन करत बसलो होतो. एक वायफाय बंद केलं आणि पाच मिनिटात काम झालं.

मग भिंती. चिऱ्याची भिंत फूटभर तरी जाड, आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन बसते, २.४ गिगाहर्ट्झला पाण्याचं वावडं आहे. माजघरात ठेवलेला राउटर मांगरापर्यंत पोचेल ही आशा सोडा. एक प्लग माजघरात, एक पडवीत दाराच्या जवळ, एक मागच्या पडवीत, अशी रांग लावायची, आणि शक्यतो दारा-खिडकीच्या रेषेत, कारण सिग्नल चिऱ्यातून कमी आणि दारातून जास्त जातो. पडवीला पावसासाठी पत्रे मारले असतील तर पत्र्याच्या आड सिग्नल मेलाच समजा. आमच्या विहिरीजवळचा सेन्सर तीनदा तुटत होता, मागच्या पडवीतला प्लग फक्त खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये हलवला तेव्हा बसला. बॉर्डर राउटर आणि वायफाय राउटर एकमेकांना चिकटवून ठेवू नका, दोघं एकाच बँडवर बोलतात, दोन-तीन हात अंतर द्या.

दिवे की बटणं, यावर माझं मत पक्कं आहे. गावच्या घरात स्मार्ट दिवा घेऊ नका, बोर्डात मागे बसणारं स्विच मॉड्यूल घ्या. कारण काका येणार, भिंतीवरचं बटण बंद करणार, आणि स्मार्ट दिवा मेला, वर थ्रेडचा असेल तर रांगेतला माणूसही गेला, पाठचे सेन्सर लोंबकळत. मॉड्यूल असेल तर बटण बटणासारखंच चालतं, कोणाला काही शिकवावं लागत नाही. फक्त जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा बोर्डापर्यंत न्यूट्रल वायर आलेलीच नसते आणि बहुतेक मॉड्यूलला ती लागते, तेव्हा वायरमनला बोलवून एक बोर्ड उघडून बघा आणि मगच ऑर्डर द्या. हे काम स्वतः करू नका, मेन बंद करूनसुद्धा. आणि विहिरीचा पंप साध्या स्मार्ट प्लगवर कधीच नाही! मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, प्लगचे आतले कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग पंप बंदच होत नाही. पंप चालवायचाच असेल तर मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा भार सोसणारा विजेवर चालणारा स्विच) ओढायचा, पंपाचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. तेही वायरमनचंच काम.

आता जोडणी, ती उलट सोपी आहे. फोनचं ब्लूटूथ चालू, फोन घरच्या वायफायवर, डिव्हाइसच्या दोन-तीन हातांवर उभं राहा, ॲपमध्ये डिव्हाइस जोडा म्हणा आणि क्यूआर कोड दाखवा. कोड वाचला जात नसेल तर खाली ११ आकडी नंबर असतो तो टाइप करा. पण मॉड्यूल बोर्डात बसवून बोर्ड झाकायच्या आधी त्या स्टिकरचा फोटो काढा, हात जोडून सांगतो, मी एकदा नाही काढला आणि वायरमनला परत बोलवून अख्खा बोर्ड उघडावा लागला. जोडल्यावर लगेच फर्मवेअरचा (डिव्हाइसच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आलाय का बघा, माझ्या एका प्लगचे अर्धे त्रास तिथेच संपले.

माझ्याकडे आयफोन, आईकडे अँड्रॉइड. अशा वेळी स्टिकरवरचा कोड दुसऱ्यांदा वापरायला जाऊ नका, एकदा जोडलेलं डिव्हाइस तो कोड घेत नाही. पहिल्या ॲपमध्ये त्या डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअरिंग मोड चालू करा, तिथे नवीन कोड मिळतो, तो थोडीच मिनिटं चालतो, तेवढ्यात दुसऱ्या फोनवर टाका. स्टँडर्डप्रमाणे एक डिव्हाइस किमान पाच ठिकाणी जोडता आलंच पाहिजे, त्यामुळे मुंबईचा भाऊ वेगळं ॲप वापरत असला तरी भांडण नाही.

आता आईचा प्रश्न. लाइट गेली की दोन गोष्टी जातात, वीज आणि नेट, त्यांचा वेगवेगळा विचार करा. मॅटर घरातल्या घरात बोलतं, त्यामुळे फायबर तुटली तरी बटण-दिवा आणि सेन्सर-दिवा हे चालू राहायला हवं. बोलून दिवा लावणं मात्र बहुतेक वेळा अडतं, आणि मुंबईहून बघणं तर नाहीच. खात्री करायची तर फायबरची केबल पाच मिनिटं काढून ठेवा आणि घरभर फिरा, जे बंद पडलं ते पावसात बंद पडणारच. विजेसाठी राउटर आणि बॉर्डर राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. तरी इन्व्हर्टर बदलायच्या त्या क्षणभरात राउटर रीस्टार्ट होतोच, म्हणून १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मधे लावला की तेही थांबतं. रांगेतला निदान एक प्लग इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर रांगच नाही आणि सेन्सर एकटा. आणि बहुतेक दिव्यांच्या सेटिंगमध्ये लाइट परत आल्यावर काय करायचं ते असतं, ते बंद किंवा आधीसारखं असं ठेवा. मी ठेवलं नव्हतं. रात्री अडीचला लाइट आली आणि अख्खं घर लखलखलं, आई म्हणाली चोर आले.

पावसाळ्याचं थोडं. आगोटीला गडगडायला लागलं की प्लग, राउटर, हब सगळं सॉकेटमधून काढून ठेवायचं, नुसतं बटण बंद करून भागत नाही, फायबरच्या डब्याचा अडॅप्टरसुद्धा काढा. परत लावल्यावर रांग जुळायला थोडा वेळ लागतो, घाबरून लगेच रीसेट मारू नका. बाहेरचा सेन्सर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, डबा खालच्या बाजूने वायरीपुरताच उघडा, वरून नको. समुद्राच्या हवेने सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात, महिन्यातून एकदा पुसा. मुंग्यांना ही डिव्हाइस का आवडतात देव जाणे, गरम असतात म्हणून असेल, पण मांगरातल्या प्लगमध्ये वारूळच निघालं होतं, आता त्याच्याभोवती आई हळद टाकते.

सगळ्या कोडचे फोटो फोनमध्ये असतीलच, तरी ते ११ आकडी नंबर एका वहीत लिहा, पुढे कुठल्या खोलीतलं कुठलं बटण ते लिहा. आमची वही रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.