आतड्याचा दाह आणि पित्ताम्लांचे जुलाब: उपचारातील या चुका टाळा

क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात रुग्णाला पुन्हा जुलाब सुरू झाले की आजार उसळला असे गृहीत धरून स्टेरॉइड वाढवण्याची घाई केली जाते, आणि माझ्या मते इतर बऱ्याच चुकांचे मूळ या घाईतच आहे. यकृतात तयार होणारी पित्ताम्ले चरबीच्या पचनाला मदत करतात आणि त्यांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परततात. क्रोन्स बहुधा याच भागाला ग्रासतो. तेथे व्रण असतील किंवा तो भाग शस्त्रक्रियेने काढलेला असेल, तर न शोषलेली पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरून तेथे पाणी सोडायला लावतात आणि दाह शमलेला असतानाही रुग्णाला पातळ शौचासाठी धावावे लागते.

म्हणून औषध बदलण्यापूर्वी मलातील कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यातील दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्यावी. ते वाढलेले असेल तर दाहाचा संशय बळावतो. ते सामान्य असेल आणि रक्तही पडत नसेल, तर पित्ताम्लांचा विचार व्हायला हवा.

अशा वेळी पित्ताम्लांना बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामिन या औषधाची पूड दिली जाते. ती कोरडी गिळू नये, पाण्यात किंवा फळांच्या रसात नीट ढवळून घ्यावी. चव किरकिरी लागते, त्याला इलाज नाही. खरी चूक वेळेची होते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेऊन लगेच ही पूड प्यायल्यास गोळीतील औषध पुडीला चिकटून शौचावाटे निघून जाते. म्हणून इतर औषधे पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावीत. दीर्घकाळ वापर असेल तर अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांकडेही लक्ष ठेवावे लागते.

शस्त्रक्रियेत आतड्याचा किती भाग काढला, हे मात्र कागदपत्रांतून डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त भाग गेला असेल, तर शरीरात पित्ताम्लांचाच तुटवडा पडतो, चरबी पचत नाही आणि शौच तेलकट, चिकट होते. तेव्हा हीच पूड त्रास वाढवू शकते आणि आहारातील चरबी कमी करणे अधिक उपयोगी ठरते. याच भागात बी-१२ शोषले जात असल्याने त्याची इंजेक्शनेही लागू शकतात.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी अटळ आहे. आतड्याचा क्षयरोगही नेमक्या याच ठिकाणी ठाण मांडतो आणि दुर्बिणीतून क्रोन्ससारखाच दिसू शकतो. क्षयाची शक्यता न तपासता स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी जैविक औषधे (बायोलॉजिक्स) सुरू केल्यास तो बळावतो.

अंगदुखीसाठी परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी दाह उफाळू शकतो. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड एकदम थांबवू नये. ताप, पोट फुगणे किंवा रक्तमिश्रित शौच असताना जुलाब थांबवणारी गोळी घेऊन घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.