खराडीत बसून मेक्सिकोच्या टोळ्या वाचणं: नव्याने येणाऱ्यांसाठी

सिक्युरिटी रिस्क अॅनालिस्ट म्हटलं की लोक विचारतात, बंदूक घेऊन फिरतोस का. नाही हो, पुण्यात खराडीला एसीत बसून मेक्सिकोतल्या टोळ्यांचं वाचायचं आणि ज्यांचे तिकडे कारखाने, ट्रक, माणसं आहेत त्यांना सांगायचं की उद्या कुठला रस्ता टाळा. मेक्सिको सिटीत सकाळचे ९ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, त्यामुळे नाईट शिफ्ट ठरलेली, आईला अजूनही वाटतं मी कॉल सेंटरला आहे.

२०२४ च्या सुरुवातीला, नवीन असताना, मी माती खाल्ली. मेक्सिकोतल्या कुलियाकान शहराचा रिपोर्ट होता, खुनांचे आकडे काढले, अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआना शहरापेक्षा बरेच कमी, लिहून मोकळा की रिस्क मध्यम. आमच्या बॉस मॅडमनी एवढंच विचारलं, तिथे शांतता राखतंय कोण? मला काही सांगता येईना. त्यांनी रेटिंग वर नेलं, मी मनात कुरकुरलो. मग २५ जुलैला तिथे राज्य करणाऱ्या सिनालोआ कार्टेलचा, म्हणजे ड्रग्जच्या टोळीचा, म्हातारा म्होरक्या एल मायो झांबादा अमेरिकेत पकडला गेला, त्याला तिकडे नेणारा होता त्याचा जुना साथीदार एल चापो याचाच पोरगा, आणि सप्टेंबरात मायोचा आणि चापोच्या पोरांचा, असे टोळीतले दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडले, शाळा बंद, रस्त्यावर जळत्या गाड्या आडव्या. आपल्याकडे पण ज्या वस्तीत एकच भाई सगळ्या टपऱ्यांचा हफ्ता घेतो तिथे राडे कमीच होतात, कोयते निघतात ते दुसरा भाई आला की.

आकडा आला की आधी बघा तो मोजला कसा. प्रॅक्टिस पुण्यावरच करा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय झालं, म्हणजे २०१७ आणि २०१९ चे पुणे शहराचे आकडे शेजारी ठेवून 'गुन्हे घटले' लिहिलंत की गेलात, कारण निम्मा बदल नकाशातला असू शकतो. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारी केंद्राची एनसीआरबी तर एका एफआयआरमधलं सगळ्यात गंभीर कलमच मोजते, अपहरण करून खून केला तर तो खुनात जातो. मेक्सिकोत खुनांचे सरकारी आकडेच दोन, एक तपासाच्या फायलींवरून आणि एक मृत्यूच्या दाखल्यांवरून, ते जुळत नाहीत. शिवाय बेपत्ता माणसांच्या नोंदी २०२२ मध्येच १ लाखावर गेल्या. बॉडीच सापडली नाही तर खून कुठे लिहिणार? म्हणून खून कमी झाले दिसलं की मी आधी बेपत्तांचा कॉलम उघडतो.

हफ्ता तर आकड्यांत जवळपास येतच नाही. त्याला तिकडे 'कोब्रो दे पिसो' म्हणतात, मिचोआकान राज्यातले अॅव्होकाडो आणि लिंबूवाले शेतकरीही भरतात, तक्रार कोण करणार. ते बारीकसारीक लोकल बातम्यांतून कळतं, अमुक मार्केट दोन दिवस बंद, कारण दिलेलं नाही, वगैरे.

डिग्रीचं विचाराल तर विद्यापीठातलं डिफेन्स स्टडीज चालतं, पत्रकारिता चालते, मी कॉमर्सवाला. स्पॅनिश मात्र पाहिजेच, भाषांतराच्या अॅपवर भागत नाही. इंटरव्ह्यूला अर्ध्या पानात मुद्दा मांडायला लावतात, इतिहास लिहीत बसू नका. टोळ्यांच्या मारामारीचे व्हिडिओ बघावे लागले तर म्यूट करून बघा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि स्पॅनिशच्या क्लासमध्ये कामाचे शब्द शिकवत नाहीत. 'लेवान्तोन' म्हणजे हत्यारबंद लोकांनी माणूस उचलून नेणं, आपण 'उचलला' म्हणतो तेच. मी क्लासच्या बाईंना विचारलं तर त्यांनी वजनं उचलण्याबद्दल काहीतरी सांगितलं.