क्लस्टर फाइल सिस्टिममध्ये लॉक आणि लीज कसे सांभाळावेत

क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारे सर्व्हर; त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड. एकाच स्टोरेजवरची फाइल दोन-तीन सर्व्हर एकाच वेळी उघडतात तेव्हा सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: इथे घेतलेलं लॉक, म्हणजे 'ही फाइल आत्ता मी वापरतोय' ही खूण, शेजारच्या नोडला कळतं का? कळत नसेल तर दोघंही निर्धास्तपणे एकमेकांच्या लिखाणावर लिहितात आणि एररही कुठे दिसत नाही. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी पडताळणी करा.

आधी दोन शब्दांतला फरक. लॉक आपण सोडेपर्यंत आपलं असतं. लीज हा भाडेपट्टा आहे: फाइलवरचा तात्पुरता हक्क. लिनक्समध्ये दुसरं कुणी तीच फाइल उघडू लागलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लीजधारकाला सिग्नल पाठवतो आणि जागा खाली करायला एरवी 45 सेकंद देतो. तेवढ्यात सोडली नाही, तर तो स्वतःच लीज मोडतो. उघडणारा प्रोग्रॅम तोवर ताटकळतो. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवण्याची पद्धत) आवृत्ती 4 मधली लीज मात्र वेगळी: क्लायंटने सर्व्हरकडे वेळोवेळी नूतनीकरण करायची ती मुदत असते, लिनक्स सर्व्हरवर एरवी 90 सेकंदांची. नाव एकच असल्यामुळे या दोन्हींची गल्लत फार होते.

पहिली पायरी: माउंटचे पर्याय

प्रत्येक नोडवर माउंटची, म्हणजे जोडलेल्या फाइल सिस्टिमची आणि त्यांच्या पर्यायांची, यादी पाहा. जीएफएस2 आणि लस्टर या दोन क्लस्टर फाइल सिस्टिम. जीएफएस2 मध्ये 'लोकलफ्लॉक्स' किंवा लस्टरमध्ये 'लोकलफ्लॉक' दिसलं, तर प्रोग्रॅमने घेतलेली लॉक त्या नोडपुरतीच आहेत. एका वेळी एकच नोड एनएफएसने फाइली पुरवत असेल तिथे हे मुद्दाम ठेवतात. अनेक नोड एकत्र लिहीत असतील, तर तो पर्याय काढायलाच हवा.

दुसरी पायरी: खरी चाचणी

ही पायरी कधीच गाळू नका. सांबाच्या (विंडोजच्या पद्धतीने फाइली पुरवणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या) क्लस्टर साधनांबरोबर 'पिंग पाँग' नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. त्याला सामायिक डिस्कवरची एक चाचणी-फाइल आणि नोडसंख्येपेक्षा एकने मोठा आकडा द्या. तीन नोड असतील तर 4. आधी एकाच नोडवर चालवा आणि सेकंदाला किती लॉक मिळतात ते टिपून ठेवा. मग तोच प्रोग्रॅम, त्याच फाइलवर, दुसऱ्या नोडवर सुरू करा. वेग चांगलाच घसरला पाहिजे. इथे वेग घसरणं हीच चांगली बातमी, कारण नोड एकमेकांना विचारू लागले आहेत. वेग तसाच राहिला, तर लॉक सामायिक नाहीत. वाचन-लेखनाचा पर्याय जोडून पुन्हा चालवलंत की 'डेटा इन्क्रिमेंट' चालू नोडांच्या संख्येइतकं यायला हवं.

ही चाचणी 'एफसीएनटीएल' प्रकारच्या, म्हणजे फाइलच्या ठरावीक भागावरही घेता येणाऱ्या, लॉकची झाली. 'फ्लॉक'साठी, म्हणजे अख्ख्या फाइलवरच्या लॉकसाठी, त्याच नावाची कमांड एका नोडवर मिनिटभर लॉक धरून ठेवायला लावा आणि दुसऱ्या नोडवर न थांबता लॉक मागून पाहा. नकार आला पाहिजे.

तिसरी पायरी: लीज

क्लस्टरभर लीज पाळता येत नसेल तर फाइल सिस्टिमने सरळ नकार द्यावा, हे मला सर्वात प्रामाणिक वागणं वाटतं. क्लस्टरमध्ये चालणारी जीएफएस2 तेच करते: लीज मागितली की एरर देते. सांबामध्ये 'कर्नल ऑपलॉक्स' (कर्नलच्या लीज वापरणारी सेटिंग) बंदच ठेवा.

चौथी पायरी: प्रोग्रॅममधला सापळा

'एफसीएनटीएल' लॉक प्रक्रियेच्या (चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या) नावावर असतं. त्या प्रक्रियेने तीच फाइल दुसऱ्यांदा उघडून बंद केली, तरी आधीचं लॉक मुकाट्याने सुटतं. एखादी लायब्ररी हे आपल्या नकळत करू शकते. म्हणून लॉकसाठी वेगळी फाइल ठेवा आणि तिला दुसऱ्या कुठल्याही कोडने हात लावू नये.

पाचवी पायरी: अडकलं तर

'एलएसलॉक्स' ही कमांड त्या नोडवरची लॉक दाखवते. जीएफएस2 वर क्लस्टरभरातल्या 'एफसीएनटीएल' लॉकचं चित्र हवं असेल तर 'डीएलएम टूल' वापरा. एखादा नोड गप्प झाला आणि सगळंच थिजलं, तरी घाबरू नका. तो नोड खात्रीने बाजूला काढला जाईपर्यंत, म्हणजे फेन्सिंग पूर्ण होईपर्यंत, लॉक व्यवस्थापक नवी लॉक देणं थांबवतो. ते थिजणं डेटा वाचवण्यासाठीच असतं. घाईने फेन्सिंग बंद केलं, तर अर्धमेला नोड जागा होऊन जुन्या समजुतीने लिहू लागेल. फेन्सिंग झाल्याची नोंद हाताने करायचीच वेळ आली, तर आधी त्या यंत्राची वीज खरोखर बंद आहे याची खात्री करा आणि मगच ती कमांड द्या.