एन्हान्सर मेलाय म्हणण्याआधी हे तपासा: फळमाशीच्या एम्ब्रियोतल्या या चुका टाळा

एमएस-टू रिपोर्टर (चाचणीचा जीन, ज्याच्या आरएनएत चमकणारं प्रोटीन चिकटण्यासाठी लूप्स असतात) लावला, एम्ब्रियो मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि चमकणारा टिपका काही दिसेना, की बरेच जण लगेच ठरवून टाकतात, एन्हान्सरच (जीन कुठे आणि कधी चालू व्हावा हे ठरवणारा डीएनएचा तुकडा) काम करत नाही. असं करू नका हो. एन्हान्सरवर शिक्का मारायच्या आधी क्रॉस आणि वेळ बघा.

क्रॉस उलटा झाला तर काहीच दिसत नाही. आरएनएच्या लूप्सना चिकटणारं एमसीपी-जीएफपी हे चमकणारं प्रोटीन आईने अंड्यात भरून दिलेलं असावं लागतं, कारण सुरुवातीला एम्ब्रियोचे स्वतःचे जीन्स जवळपास बंदच असतात. म्हणून एमसीपी-जीएफपीच्या माद्या घ्या आणि रिपोर्टर नराकडून आणा.

वेळेचा घोळ तर फार होतो. पहिली 13 न्यूक्लियर डिव्हिजन्स भराभर होतात, मधे मोजकी मिनिटं मिळतात आणि मायटोसिस (न्यूक्लियसचं विभाजन) आला की अर्धवट राहिलेला आरएनए वाया जातो. आरएनए बनवणारा पॉलिमरेज मिनिटाला साधारण 2 हजार बेस पुढे सरकतो, आता तुम्हीच हिशोब करा. निर्प्स हा जीन जेमतेम 3 हजार बेसचा म्हणून वेळेत पूर्ण होतो, त्याचाच भाऊबंद केएनआरएल 23 हजारांचा, तो या घाईत पूर्णच होत नाही (मला तर हे उदाहरण प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावंसं वाटतं). तेव्हा रिपोर्टर छोटा ठेवा, लूप्स जीनच्या सुरुवातीला टाका, शेवटी टाकलेत तर पॉलिमरेज तिथे पोचून लगेच सुटतो आणि टिपका मंद दिसतो. आणि रेकॉर्डिंग सायकल 14 पर्यंत (13 डिव्हिजन्सनंतरचा लांब टप्पा) चालू द्या, एका फोटोवर निकाल नको, ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए बनणं) झटक्याझटक्याने होतं, मधे टिपका विझतोच.

कुठलाही प्रमोटर (जीनच्या सुरुवातीचा भाग, जिथे पॉलिमरेज बसतो) चालेल हेही खरं नाही. कॉडल हा जीन चालू करणारा फॅक्टर डीपीई असलेल्या प्रमोटरला जास्त चांगला चालू करतो, टाटा बॉक्सवाल्याला तेवढा नाही (दोन्ही प्रमोटरमधले छोटे डीएनए सिक्वेन्स). दोन एन्हान्सर्सची तुलना करायची असेल तर प्रमोटर तोच ठेवा आणि क्रोमोसोमवरची जागाही तीच, नाहीतर फरक एन्हान्सरचा की शेजारपाजारचा हे कळणारच नाही.

आणि एन्हान्सर काढला तरी एम्ब्रियो ठणठणीत, म्हणून तो बिनकामाचा ठरवू नका. स्नेल जीनला मुख्य एन्हान्सरसोबत एक शॅडो एन्हान्सर (तेच काम करणारा दुसरा) आहे, नेहमीच्या तापमानाला दोघांपैकी एकावर भागतं, पण 30 अंशांवर ठेवलं की एकट्याला झेपत नाही. तुमची डिलीशन लाइन त्या तापमानाला एकदा तपासाच.